घाट चढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड कसा ठेवावा: आधी लॉकअप ओळखा

कोल्हापूरहून कोकणात उतरायच्या वाटा जाताना सोप्या असतात. गगनबावड्यापुढचा करूळ घाट, राधानगरी-दाजीपूरकडचा फोंडा, रत्नागिरीच्या वाटेवरचा आंबा घाट, सगळीकडे जाताना उतार. चढ लागतो तो परतताना, तोही गाडीत पाच-सहा माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि एसी फुल्ल असताना. मॅन्युअल गाडीत क्लचवर ताण आला की वास येतो, पायाला कळतं. ऑटोमॅटिक गाडी तसं काही सांगत नाही. तिचा ताण तेलात जातो, आणि ते तेल किती तापलंय हे बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिसतच नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध असला म्हणून गिअरबॉक्सही थंड आहे असं धरून चालू नका.

थोडी माहिती घेतली तर हा ताण गाडीत बसल्या बसल्या ओळखता येतो. त्याची खूण म्हणजे लॉकअप, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच.

सुरुवात आपल्या गाडीत काय आहे इथून करा. ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली वेगवेगळे गिअरबॉक्स विकले जातात. स्विफ्ट, वॅगनआरमध्ये एएमटी आहे, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच मशीन दाबतं. काही गाड्यांत ड्युअल क्लच असतो. डिझेल क्रेटा, इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन, नवी एर्टिगा यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. हा लेख त्या गाड्यांसाठी. शंका असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा.

कन्व्हर्टरच्या बंद डब्यात तेल भरलेलं असतं. इंजिनाकडचा पंखा तेल ढकलतो, त्या तेलाने समोरचा, गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोन्हींच्या मध्ये स्टेटर, म्हणजे तेलाचा प्रवाह वळवणारी पाती असतात, त्यामुळे गाडी जागेवरून उठताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ दुप्पट होतो. मात्र दोन पंख्यांच्या वेगात जितका फरक, म्हणजे जितकी स्लिप, तितकी ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. चढाला इंजिन ४० किलोवॉट ताकद देतंय आणि कन्व्हर्टर त्यातली ८० टक्केच पुढे पोचवतोय असं धरा. उरलेले ८ किलोवॉट तेलात जातात. घरातले २ किलोवॉटचे चार गीझर एकदम चालू करून गिअरबॉक्सच्या काही लिटर तेलात सोडावेत, तेवढी ही उष्णता.

लॉकअप क्लच हीच स्लिप बंद करतो. तो बसला की इंजिन आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट सरळ जोडले जातात आणि कन्व्हर्टरची उष्णता जवळपास थांबते. म्हणून गिअरबॉक्स थंड ठेवायचा म्हणजे मुख्यतः लॉकअप जास्तीत जास्त वेळ बसलेला राहील अशी गाडी चालवायची. जुन्या ४-स्पीड गाड्यांत लॉकअप बहुधा वरच्या गिअरांतच बसतो. आताच्या ६-स्पीडमध्ये खालच्या गिअरातही बसतो.

आता तो ओळखायला शिका. पुणे-बंगळूर हायवेवर कागलच्या बाजूला सकाळी लवकर, मोकळ्या सपाट रस्त्यावर जा. वीसेक मिनिटं गाडी चालू द्या, कारण इंजिन आणि तेल गरम झाल्याशिवाय बहुतेक गाड्या लॉकअप बसूच देत नाहीत. मग ७०-८० च्या वेगाने ॲक्सिलरेटर एकसारखा धरा. शेवटचा गिअर पडल्यावर थोड्या वेळाने आरपीएमचा काटा आणखी दीड-दोनशे खाली येतो आणि स्थिर होतो. गिअर बदललेला नसतो, लॉकअप बसलेला असतो. आता पाय अगदी किंचित दाबा. काटा वेगाबरोबरच हळूहळू वर गेला तर लॉकअप बसलेला आहे. वेग तेवढाच आणि काटा मात्र टुणकन दोन-तीनशे वर गेला तर सुटला. गाडी कोणी दुसऱ्याने चालवावी आणि तुम्ही शेजारी बसून काटा बघावा, हे उत्तम. दोन-चार वेळा केलं की नजर बसते, आणि ही नजर घाटात फार उपयोगी पडते.

तापमानासाठी ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा, ब्लूटूथ रीडर घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. एक अडचण आहे. इंजिनाचं तापमान कुठलंही ॲप दाखवतं, पण गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान प्रत्येक कंपनी आपापल्या कोडखाली ठेवते. तुमच्या मॉडेलची यादी असलेलं ॲप लागेल. ते मिळेना तर ओळखीच्या गॅरेजवाल्याला स्कॅनर लावून एकदा आकडा दाखवायला सांगा. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे रोजचं तापमान. घाटात ते १०५-११० पर्यंत चढून पुन्हा उतरत असेल तर काळजी नको. १२० च्या पुढे जायला लागलं की थांबायची वेळ झाली. तापमान दर १० अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो, त्यामुळे ११० आणि १३० मधला फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

घाट चढताना

डी मध्ये टाकून सगळं गाडीवर सोडू नका. चढ सुरू व्हायच्या आधीच मॅन्युअल मोड घ्या, किंवा ३, २, एल असे खाचे असतील तर ते वापरा. गाडी तिसरा-चौथा, चौथा-तिसरा असं करत राहिली तर प्रत्येक वेळी लॉकअप सुटतो आणि परत बसतो. तिसऱ्यातच ठेवा. पाय किंचित दाबून काटा बघा, उडी मारत असेल तर दुसरा घ्या. खालच्या गिअरात इंजिनाचा आवाज वाढतो आणि लोक घाबरून वरचा गिअर घेतात. घाबरू नका. रस्त्यावरचा वेग तोच ठेवून खालचा गिअर घेतला की कन्व्हर्टरवरचा भार कमी होतो, स्लिप कमी होते, आणि तेलाचा पंप व इंजिनाचा पाण्याचा पंपही जोरात फिरतात.

ऊस हंगामात गगनबावडा रस्त्याला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला की गाडी पंधरा-वीसवर रांगत राहते. एवढ्या वेगाला लॉकअप बसतच नाही. अशा वेळी मागे चिकटून थोडं रेस, थोडं ब्रेक असं करू नका. अंतर सोडा आणि ओव्हरटेकला खरोखर मोकळा रस्ता मिळाला तरच पुढे जा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवणं. जोतिबाच्या डोंगरावर यात्रेच्या दिवसांत रांग थांबते, मागे सरकू नये म्हणून हलकीशी रेस देऊन गाडी जागच्या जागी धरली जाते. चाकं थांबलेली म्हणजे गिअरबॉक्सकडचा पंखाही थांबलेला. इंजिन देतंय ती सगळीच्या सगळी ताकद तेलात. ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा किंवा ऑटो होल्ड लावा. रांग बराच वेळ हलत नसेल तर हँडब्रेक लावून एन किंवा पी मध्ये टाका. उतरताना मात्र न्यूट्रल कधीच नको, खालच्या गिअरात इंजिन ब्रेकिंगवर उतरा.

तापलाच तर

गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला किंवा तेलाचा आकडा १२० च्या वर गेला तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, पी मध्ये टाका आणि इंजिन चालूच ठेवा. इंजिन बंद केलं की तेलाचा पंपही बंद पडतो आणि तापलेलं तेल ते थंड करणाऱ्या कूलरपर्यंत जातच नाही. बॉनेट उघडलं तरी चालेल. इंजिनाचाही काटा लाल खुणेकडे गेला असेल तर गोष्ट वेगळी, मग पुस्तिकेत सांगितलंय तसं करा. आकडा खाली आल्यावर निघा. दिवा विझतच नसेल तर पुढे रेटू नका, फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा. इंजिन फिरवतं ती चाकं रस्त्यावर ठेवून ऑटोमॅटिक गाडी ओढायची नाही, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल मिळत नाही.

लॉकअप बसतच नसेल तर

हायवेवर आरपीएम नेहमीपेक्षा वर, ॲव्हरेज कमी, तापमान चढतं. असं दिसलं की गिअरबॉक्स उघडायला लगेच होकार देऊ नका. आधी दोन स्वस्त गोष्टी बघा. ब्रेकचा स्विच अडकला असेल तर गाडीला वाटतं ब्रेक दाबलेला आहे आणि ती लॉकअप सोडून देते. मागचे ब्रेक लाइट पाय काढल्यावर विझतात का, हे कोणालाही मागे उभं करून पाहता येतं. दुसरी गोष्ट इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. तो उघडाच राहिला तर इंजिन थंड राहतं आणि लॉकअपला परवानगीच मिळत नाही. स्कॅनरवर पी०७४१ कोड आला तर मात्र बिघाड लॉकअपच्या बाजूला आहे, आणि पी०२१८ म्हणजे गिअरबॉक्स जास्त तापल्याची नोंद.

साठ-सत्तरच्या वेगाला एक-दोन सेकंद बारीक थरथर येते आणि पाय दाबला की जाते, ही तक्रारही बरेचदा लॉकअपचीच असते. जुनं झालेलं किंवा चुकीचं तेल हे तिचं नेहमीचं कारण. पुस्तिकेतल्या ग्रेडचं तेल बदलून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच थांबते.

तेलाची पातळी बघताना घाई चालत नाही. डिपस्टिक नसलेल्या अनेक गिअरबॉक्समध्ये ती इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट उचलून, तेल ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असताना ओव्हरफ्लोच्या नटातून बघतात. घाट चढून आलेली गाडी थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजला नेऊन लिफ्टवर चढवली तर तेल फुगलेलं असतं, नट उघडताच भराभरा बाहेर येतं आणि ‘जास्त होतं’ असं वाटून कमी भरलं जातं. गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला लावा, सकाळी स्कॅनरवर आकडा बघून नट उघडायला सांगा. निघालेलं तेल पांढऱ्या कागदावर टिपून बघा. तपकिरी चालेल. काळं आणि जळका वास असलेलं तेल दिसलं तर ते तापून गेलंय, चमकणारे कण दिसले तर आत झीज होतेय; दोन्ही वेळी आतल्या क्लच प्लेटही तपासायला हव्यात. बदलायचं कधी, यासाठी पुस्तिकेत खडतर वापराचा वेगळा रकाना असतो. महिन्यातून दोन-तीनदा घाट चढणाऱ्याने तोच रकाना धरावा.