अमोनिया टेस्ट ०.२५ दाखवतेय? आधी किटचीच टेस्ट घ्या

माझा ७५ लिटरचा माशांचा टँक, सहा महिने झालेला, गप्पी मासे मस्त पोहतायत, कोणी वर येऊन हवा खात नाहीये, आणि टेस्ट मात्र म्हणतेय पाण्यात अमोनिया, म्हणजे माशांना विषारी, ०.२५ पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग), शून्य हवा असताना. मग काय, आठवडाभर रोज रात्री ऑफिसवरून आलो की बादल्या उचलायच्या, तीस-चाळीस टक्के पाणी बदलायचं आणि दुसऱ्या रात्री परत तोच हिरवट पिवळा रंग बघायचा. शेवटी वैतागून घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर होतं त्याची टेस्ट केली, तर त्यातही ०.२५! बॅटरीच्या पाण्यात कोण मासे पाळतंय? तीच ट्यूब पटकन गॅलरीत नेऊन बघायची तर रात्र झालेली, म्हणून सकाळी दोन्ही पाण्यांची परत टेस्ट केली, दोन्ही पिवळीधम्मक, म्हणजे शून्य. सगळा घोळ किचनमधल्या ट्यूबलाइटचा होता.

तर पहिला नियम तोच, रंग दिवसाउजेडी बघायचा. थेट उन्हात नाही, खिडकीपाशी, खिडकीकडे पाठ करून, आणि ट्यूब किटमधल्या रंगांच्या कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून. ट्यूबलाइट किंवा सीएफएलखाली शुद्ध पिवळाही हिरवट दिसतो आणि ० ते ०.२५ मधला फरक तेवढाच असतो. रात्रीच टेस्ट करायची वेळ आली तर शेजारी डिस्टिल्ड वॉटरची दुसरी ट्यूब करा आणि कार्डाऐवजी त्या दोन ट्यूब एकमेकींशी ताडून बघा, उजेड कसाही असला तरी दोघींवर सारखाच पडतो.

आता करायची पद्धत. एपीआयचं लिक्विड किट असेल तर ५ मिली पाणी, पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८ थेंब, झाकण लावून पाच सेकंद जोरात हलवायचं आणि ५ मिनिटं थांबायचं. दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिचा कागद वाचा, थेंब वेगळे असतात. बाटली अगदी उभी उलटी धरायची, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात आणि ८ चे कधी ७ होतात कधी ९. पाण्याची रेषा ट्यूबमध्ये मध्यभागी खाली वाकलेली दिसते, तिचं तळ ५ च्या खुणेला टेकलं पाहिजे. पाच मिनिटं म्हणजे मोबाइलवर टायमर, "चहा होईपर्यंत" नाही, कारण रंग नंतर हळूहळू गडद होत राहतो आणि वीस मिनिटांनी बघितलंत तर उगाच घाबराल. ट्यूबवर बोट ठेवून हलवू नका, झाकणच लावा, आणि दोन बाटल्यांची झाकणं एकमेकींना लावली तर किट बाद समजा.

ट्यूब साबणाने घासायची नाही. नळाच्या पाण्याने दोन-तीनदा, मग टेस्टच्या आधी टँकच्याच पाण्याने एकदा विसळायची. आणि टँकची काच पुसायला जो स्प्रे वापरता त्याचा डबा वाचा, बऱ्याच काच क्लीनरमध्ये अमोनियाच असतो, त्याच हाताने सँपल घेतलंत तर अमोनिया तुमच्या बोटांचा मोजाल.

औषध चालू असेल तर वेगळीच गंमत. मिथिलीन ब्लूचं निळं पाणी आणि टेस्टचा पिवळा, बेरीज काय होणार? हिरवा. बदामाची पानं टाकली असतील तर पाणी चहासारखं झालेलं असतं, तिथेही कार्डावर विश्वास ठेवू नका. थेंब न टाकलेल्या टँकच्या पाण्याची ट्यूब शेजारी धरली की पाण्याचा मूळ रंग किती आणि टेस्टचा किती याचा अंदाज येतो.

एका बाटलीचं, नेस्लर पद्धतीचं किट असेल (पिवळ्यापासून नारिंगी-तपकिरीकडे जाणारं) तर अमोनिया बांधून ठेवणारी कंडिशनर (पाण्यात टाकायची औषधं) टाकल्यावर ते बरेचदा चुकीचं रीडिंग देतं, शिवाय त्यात पारा असतो. मी तरी हिरव्या रंगाचं, म्हणजे सॅलिसिलेटवालंच घेतो.

उलटी चूक जास्त धोक्याची, किट शून्य दाखवतंय आणि मासे वर येऊन धापा टाकतायत. दुसऱ्या बाटलीतलं क्लोरीनचं रसायन जुनं झालं की कमजोर पडतं, मग रंग नीट चढत नाही. डिस्टिल्ड वॉटरच्या टेस्टने हे कळणार नाही, तिथे शून्यच यायला हवं ना. त्यासाठी प्रमाण माहीत असलेला अमोनिया लागतो, आणि तो म्हणजे आपला नवसागर! कल्हईवाला भांडं तापवून पांढरा धूर काढायचा ना, तोच, अमोनियम क्लोराइड. पण कल्हईच्या नवसागराच्या शुद्धतेचा भरवसा नाही, लॅबचं सामान मिळतं त्या दुकानातून शुद्ध पावडर आणा. १ ग्रॅम पावडर १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली की साधारण ३१८ पीपीएम अमोनियाचं द्रावण होतं. त्यातलं ३ मिली सिरिंजने काढून परत १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकलं की जवळजवळ १ पीपीएम. ते अर्धं-अर्धं पातळ करत गेलात की ०.५, मग ०.२५. या तिन्हींची टेस्ट करा, किट तीन वेगळे रंग दाखवत असेल तर चालू आहे, १ पीपीएमलाही पिवळंच राहिलं तर कचऱ्यात. द्रावणाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लेबल लावून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

नळाच्या पाण्याचीही टेस्ट एकदा कराच, डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकल्यानंतर. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर त्यातून अमोनिया सुटतो, आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी सुरू झालं की ते पाणीच अमोनिया घेऊन येऊ शकतं. मग पाणी बदलून आकडा कमी कसा होणार, तुम्ही तर भर घालताय.

सँपल काढलं की लगेच टेस्ट, बाटलीत भरून "रविवारी करू" नाही. खायला घालायच्या आधी घ्या, आणि आदल्या टेस्टच्याच वेळी, नाहीतर आकड्यांची तुलना कशाशी करणार?

आकडा खरा निघाला तर पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते) बघा, कारण ही किट एकूण अमोनिया मोजतात आणि त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे तेच १ पीपीएम एका टँकमध्ये ०.००६ आणि दुसऱ्यात ०.०५, जवळजवळ दहापट. झाडं असलेल्या टँकमध्ये पीएच संध्याकाळी वर जातो, म्हणून मी पीएच संध्याकाळीच बघतो, अमोनियाचा रंग मात्र उजेड असेपर्यंत.