नहेम्याचा नववा अध्याय वाचून पापकबुलीची प्रार्थना कशी करावी

पापकबुली करायला बसलेला माणूस बहुधा स्वतःपासून सुरुवात करतो आणि थोड्याच वेळात एक तर सबबींवर येतो, नाहीतर निराशेत बुडतो. बायबलच्या जुन्या करारातील नहेम्या या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात लेव्यांची, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातील लोकांची, प्रार्थना आहे; ती आधी देवाने काय केले हे सांगते, आणि मग माणसाने काय केले हे वेगळे उघड करून दाखवावे लागत नाही.

वाचनासाठी तासभर राखून ठेवावा आणि आठव्या अध्यायापासून सुरुवात करावी. मोशेचे नियमशास्त्र ऐकून इस्राएली लोक रडू लागले तेव्हा त्यांना रडू नका असे सांगण्यात आले, मांडवांचा सण आनंदाने पार पडला आणि त्यानंतर, सातव्या महिन्याच्या 24 व्या दिवशी, ते उपास करून, शोकाची खूण म्हणून गोणपाट नेसून व डोक्यावर धूळ घालून जमले. दिवसाचा एक चतुर्थांश वेळ त्यांनी शास्त्रवाचनाला दिला आणि तेवढाच वेळ कबुलीला व आराधनेला. आपणही आधी वाचावे, मग बोलावे.

आता दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन देवाच्या कृतींखाली एका रंगाने व लोकांच्या कृतींखाली दुसऱ्या रंगाने रेघ ओढावी. सहाव्या ते पंधराव्या वचनापर्यंत, म्हणजे सृष्टी, मूळ पुरुष अब्राहाम, तांबड्या समुद्रातून सुटका, सीनाय पर्वतावर दिलेले नियम आणि मान्ना हे आकाशातून मिळालेले अन्न या साऱ्या कथनात, जवळजवळ एकच रंग दिसेल. सोळाव्या वचनात दुसरा रंग येतो आणि पुढे दोन्ही एकमेकांत विणले जातात. सतराव्या वचनाशी मात्र घाई करू नये. देव क्षमाशील, कृपाळू आणि मंदक्रोध आहे हे वर्णन निर्गम या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायातून आले आहे, आणि तिथे ते लोकांनी सोन्याचे वासरू घडवून पूजल्याच्या पापानंतर उच्चारलेले आहे. लेवी ते वासरू लपवत नाहीत. अठराव्या वचनात त्याचे नाव घेतात आणि लगेच सांगतात की तरीही वाट दाखवणारा मेघस्तंभ दूर झाला नाही, मान्ना बंद झाला नाही, आणि रानातल्या चाळीस वर्षांत लोकांची वस्त्रे जीर्ण झाली नाहीत की पाय सुजले नाहीत.

येथे, पुढे देवाविषयी येणाऱ्या ‘विश्वासू’ या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे. रोजच्या मराठीत तो विश्वासू नोकर, विश्वासू मित्र अशा अर्थाने येतो, म्हणून देवाविषयी तो वाचताना ‘दिल्या शब्दाला जागणारा’ असा अर्थ मनात धरावा. आठव्या वचनात अब्राहामाला दिलेला शब्द पूर्ण केल्याचे म्हटले आहे ते याच अर्थाने.

तेहेतिसाव्या वचनात ‘त्यां’च्या इतिहासाचा ‘आमचा’ अपराध होतो: तू खरेपणाने वागलास, आम्ही दुष्टपणा केला. या वचनापाशी पेन्सिल खाली ठेवून वही घ्यावी. प्रथम देवाने आपल्या आयुष्यात केलेल्या पाच-सहा गोष्टी नेमक्या शब्दांत लिहाव्यात, नंतर आपले पाप त्याच नेमकेपणाने, कोणाशी काय केले ते नोंदवून लिहावे. ‘चुका झाल्या’ असे मोघम वाक्य खोडून टाकावे. ते कोणाचेच पाप नसते.

देव विश्वासू आहे म्हणून पापाला मोकळीक मिळते, असा समज होऊ नये यासाठी नव्या करारातील 2 तीमथ्य 2:13 हे वचन कधीही एकटे वाचू नये. आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, असे ते म्हणते. त्याच्या आधीच्याच वचनात, आपण त्याला नाकारले तर तोही आपल्याला नाकारील, असा इशारा आहे. शिवाय 1 योहान 1:9 मध्ये क्षमा करणाऱ्या देवाला विश्वासू आणि न्यायी असे दोन्ही म्हटले आहे, आणि ख्रिस्ती श्रद्धेत हे दोन शब्द येशूच्या वधस्तंभापाशी एकत्र येतात.

शेवट करताना छत्तिसावे व सदतिसावे वचन गाळू नये. क्षमाशील देवाची एवढी स्तुती करूनही लोक आपल्याच देशात गुलाम होते आणि जमिनीचे उत्पन्न परक्या राजांकडे जात होते. ते हे तसेच देवापुढे मांडतात आणि मग लेखी करार करून त्यावर आपली मोहर लावतात. आपल्या वहीतही पापाचे जे परिणाम अजून भोगायचे आहेत ते लिहावे, ज्याची भरपाई करायची आहे त्याचे नाव लिहावे, आणि त्याखाली तारीख घालून सही करावी.