व्याघ्र प्रकल्पात वाघ कसा शोधावा आणि कसा पाहावा

महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री हे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. वाघ दिसावा ही मुख्य इच्छा असेल, तर ताडोबा निवडावे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या नऊंपैकी एक असलेल्या मेळघाटात मात्र वाघ सहजी नजरेस पडत नाही. तेथे सातपुड्याचे जंगल पाहण्यासाठीच जावे, आणि ते जाण्याच्या योग्यतेचे निश्चित आहे.

पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील, म्हणजे प्रकल्पाच्या सर्वाधिक संरक्षित आतल्या भागातील, पर्यटन बंद असते. मार्च ते मे हा काळ उन्हाचा असला, तरी पानगळीमुळे दूरवरचे दिसते आणि लहान पाणवठे आटल्याने प्राणी उरलेल्या पाण्याजवळ येतात. सफारीचे आरक्षण वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे.

जिप्सीत बसताच गाइडला सांगावे की, आम्हाला घाई नाही. वाघ शोधण्याचा खरा मार्ग कानांचा आहे, म्हणून पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून थांबावे आणि जंगल ऐकावे. चितळ बिबट्याला किंवा रानकुत्र्यांना पाहूनही ओरडते, त्यामुळे त्याच्या एका हाकेवर धावू नये. पण सांबर शेपटी उभारून, पुढचा पाय आपटत, एकाच दिशेला पाहत पुन्हा पुन्हा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, देऊ लागले आणि झाडावरच्या वानरांनीही त्याच दिशेला तोंड करून खकारायला सुरुवात केली, तर तेथे वाघ असण्याची शक्यता बरीच वाढते.

रस्त्यावरील धूळही वाचावी. वाघाच्या ठशात नखे उमटत नाहीत, रानकुत्र्याच्या ठशात उमटतात. नराचा मागच्या पायाचा ठसा साधारण चौकोनी, तर मादीचा किंचित लांबट असतो. टायरच्या खुणेवर ठसा उमटलेला असेल, तर वाघ ती गाडी गेल्यानंतर तेथून चालला आहे.

वाघ दिसल्यावर उभे राहणे, हाका मारणे पूर्णपणे टाळावे. तो रस्ता ओलांडू पाहत असेल आणि गाड्यांच्या गर्दीने त्याची वाट अडली असेल, विशेषतः वाघिणीसोबत बछडे असतील, तर छायाचित्राचा मोह सोडून आपली गाडी मागे घेण्यास चालकाला स्पष्टपणे सांगावे.