गोव्यात नोटरीला घरी बोलावताना

अंथरुणाला खिळलेली आजी, शस्त्रक्रियेनंतर बांबोळीच्या इस्पितळात असलेला रुग्ण किंवा चार दिवसांत बोटीवर रुजू व्हायचा असलेला मुलगा यांना नोटरीच्या कार्यालयात नेणे अनेकदा जमत नाही. अशा वेळी नोटरीलाच घरी किंवा इस्पितळात बोलावता येते. नोटरी कायदा, 1952 याखाली 1956 साली केलेल्या नियमांत नोटरीला ठरलेल्या शुल्काखेरीज प्रवासभत्ता घेण्याची मुभा आहे, म्हणजे कार्यालयाबाहेर जाऊन काम करणे कायद्याला अपेक्षितच आहे. मात्र नोटरीच्या शिक्क्याला जी किंमत आहे ती एका कारणाने आहे: सही करणारी व्यक्ती नोटरीने स्वतः समोर पाहिली, तिची ओळख पटवली आणि सही तिने राजीखुशीने केली याची खात्री करून घेतली. घरपोच सेवेत नेमके हेच गाळले जाण्याचा धोका असतो. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यावर हे एक सूत्र सोडू नये.

सर्वांत आधी, हातातला कागद नोटरीचा आहे का, हे तपासावे. प्रतिज्ञापत्र, मूळ कागदाशी ताडून पाहिलेली प्रत, बँकेसाठी किंवा सरकारी कार्यालयातील कामासाठी दिलेले मुखत्यारपत्र, हमीपत्र, अकरा महिन्यांचा भाडेकरार अशी कामे नोटरीकडे होतात. घर किंवा जमीन विकण्याचा व्यवहार मात्र नोटरीच्या शिक्क्याने पुरा होत नाही. त्यासाठी नोंदणी कायदा, 1908 प्रमाणे उपनिबंधकाकडे नोंदणी करावीच लागते. त्याच कायद्याच्या कलम 33 नुसार, भारतात राहणाऱ्या व्यक्तीने आपल्या वतीने दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा असेल, तर ते मुखत्यारपत्र निबंधक किंवा उपनिबंधक यांच्यासमोर झालेले असावे लागते. शारीरिक दुर्बलतेमुळे कार्यालयात येणे धोक्याचे असलेल्यांना प्रत्यक्ष हजेरीतून सूट आहे. त्यांच्यासाठी निबंधक स्वतः घरी जाऊन किंवा अन्य मार्गाने खातरजमा करू शकतो. तेव्हा जमिनीच्या कामासाठी नोटरीला फोन करण्याआधी तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात चौकशी केलेली बरी. विवाह आणि घटस्फोट यांचे कागदही नोटरीच्या अधिकारात येत नाहीत, आणि नाव बदलण्यासाठी गोव्यात 1990 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे नुसत्या प्रतिज्ञापत्राने नवे नाव अधिकृत होत नाही.

गोव्यात याहून मोठी गल्लत होते ती मृत्युपत्राच्या बाबतीत. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या व्यवस्थेप्रमाणे येथे वारसाहक्काचे दस्त सरकारी अधिकाऱ्यासमोर होतात. आज ती व्यवस्था ‘गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, 2012’ याखाली चालते आणि विशेष नोटरीचे, म्हणजे असे दस्त करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचे, काम उपनिबंधक कार्यालयातूनच होते. या कायद्याखाली येणाऱ्या व्यक्तीचे मृत्युपत्र, वारस ठरवणारा दस्त किंवा वारसाहक्क सोडल्याचा दस्त 1952 च्या कायद्याखाली नेमलेल्या वकील-नोटरीला घरी बोलावून उरकता येत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या अखेरच्या दिवसांत घाईघाईने असा कागद केला, तर त्याच्या पश्चात भावंडांमध्ये वर्षानुवर्षे दावे चालतात. हे टाळणे आपल्या हाती आहे, म्हणून या एका मुद्द्यावर कोणीही आडमार्ग सुचवला तरी तो स्वीकारू नये.

कागद नोटरीचाच आहे हे ठरल्यावर नोटरी निवडावा. त्याच्या परवान्यावर कार्यक्षेत्र लिहिलेले असते आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. पेडण्यातल्या घरी यायचे असेल, तर तो भाग त्याच्या क्षेत्रात आहे का आणि परवाना चालू आहे का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारावेत; सरळ मनाच्या नोटरीला त्यांचा राग येत नाही. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: स्वतः येणार की कारकुनाला पाठवणार? ‘आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, शिक्का मारून कागद घरी पोचवतो’ असे कोणी म्हणाले, तर तेथेच बोलणे थांबवावे. असा कागद बँकेत खपूनही जाईल, पण उद्या कोणी आव्हान दिले तर सही करणाऱ्याला नोटरीने पाहिलेच नव्हते ही गोष्ट उघडी पडते आणि कागदाचा आधार जातो. शुल्क, प्रवासभत्ता, मसुदा करून घ्यायचा असल्यास त्याची फी आणि मुद्रांक व कागदावर लावायच्या नोटरी तिकिटांचा खर्च हे वेगवेगळे विचारून घ्यावे आणि पावती मागावी. पावती देणे नोटरीवर बंधनकारक आहे. दिवाडी किंवा चोडणसारख्या बेटावर फेरीबोटीने जाण्यायेण्यात वेळ मोडतो, त्याचा विचार वेळ ठरवतानाच व्हावा.

मसुदा आदल्या दिवशी पक्का करावा. तो जेथे द्यायचा त्या बँकेचा किंवा खात्याचा ठरावीक नमुना असेल तर तोच घ्यावा, आणि मुद्रांक किती किमतीचा लागेल हेही तेथेच विचारावे. मुखत्यारपत्रात अधिकार मोजून द्यावेत: कोणते खाते, कोणते घर, सर्व्हे क्रमांक कोणता, कोणते काम. ‘सर्व काही करण्याचा अधिकार’ असे लिहिलेला कागद आजारी माणसाकडून घेणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. गोव्यात लग्न झालेल्या जोडप्यांना सहसा सामायिक मालमत्तेची पद्धत लागू असते, त्यामुळे मालमत्तेशी संबंधित बहुतेक कागदांवर पती आणि पत्नी दोघांची सही लागते. एकाचेच मुखत्यारपत्र करून नंतर दुसऱ्यासाठी पुन्हा धावपळ करण्यापेक्षा एकाच भेटीत दोघांचे उरकावे.

नावांकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या जन्मदाखल्यांत नाईक, प्रभू, शेट ही आडनावे पोर्तुगीज धाटणीच्या स्पेलिंगमध्ये लिहिलेली आढळतात, तर आधार आणि पासपोर्टवर ती इंग्रजी धाटणीने येतात. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करायचे असेल, तर प्रत्येक कागदावरचे स्पेलिंग जसेच्या तसे, अक्षरानिशी उतरवावे आणि ते सर्व मूळ कागद नोटरी येईल तेव्हा टेबलावर तयार ठेवावेत. प्रतींवर शिक्का हवा असेल तरीही मूळ कागद घरात हवाच, कारण ताडून पाहिल्याखेरीज नोटरी प्रत खरी असल्याचे लिहू शकत नाही.

नोटरी येईपर्यंत कागदावर सही करू नये. सही त्याच्यासमोरच व्हावी, प्रत्येक पानावर व्हावी, आणि बँकेत किंवा पासपोर्टवर जशी आहे तशीच व्हावी. मराठीत सही करणाऱ्या आजोबांनी या दिवसापुरती इंग्रजी सही करण्याचे कारण नाही. आपल्याकडे मसुदे बहुधा इंग्रजीत असतात. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांना तो मजकूर मराठीत किंवा कोंकणीत सावकाश वाचून दाखवावा, आणि तसे समजावून सांगितल्याचे वाक्य कागदातच लिहून घ्यावे. सही करता येत नसेल तर अंगठा घ्यावा आणि साक्षीदार असे निवडावेत की ज्यांचा त्या कागदात काडीचाही लाभ नाही. ज्याच्या नावे मुखत्यारपत्र होत आहे त्या मुलाने त्या वेळी थोडा वेळ खोलीबाहेर थांबावे आणि आईला नोटरीशी एकटीने बोलू द्यावे; तिचा होकार खराखुरा असल्याची याहून चांगली खूण नाही.

व्यक्ती शुद्धीवर नसेल किंवा आपण कशावर सही करतो आहोत हे तिला उमजत नसेल, तर नोटरीने नकार द्यायला हवा आणि नातेवाईकांनी तो मानायला हवा. अशा स्थितीत न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग आहे. भान आहे पण प्रकृती नाजूक आहे, अशा रुग्णासाठी त्याच दिवशीचे डॉक्टरांचे पत्र घेऊन ते कागदाला जोडावे, आणि इस्पितळात भेट असेल तर वॉर्डाच्या डॉक्टरांना आधी कळवावे.

परगावी आणि परदेशी असलेली भावंडे चवथीला एकत्र येतात, तेव्हा सर्वांच्या सह्या एका बैठकीत घेण्याचा विचार अनेक घरांत होतो. तो चांगलाच आहे, पण त्या दिवसांत नोटरी आणि मुद्रांक दोन्ही मिळणे कठीण असते, म्हणून मुद्रांक आणि वेळ आधीच बांधून ठेवावी. जो येऊ शकत नाही त्याने तेथल्या भारतीय दूतावासात मुखत्यारपत्र करून पाठवावे. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते.

सह्या झाल्यावर नोटरी आपल्या नोंदवहीत नोंद करतो आणि तेथेही सही घेतो. वही सोबत आणलेली नसेल तर ती का नाही, हे विचारावे. जाण्याआधी गोल शिक्क्यावर त्याचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव स्वच्छ उमटले आहे का ते पाहावे, रिकाम्या जागांवर रेघ ओढून घ्यावी, खाडाखोडीजवळ लघुस्वाक्षऱ्या झाल्या आहेत का ते तपासावे आणि नोंदवहीतला अनुक्रमांक व तारीख आपल्या प्रतीवर लिहून ठेवावी.