शर्करा म्हणजे साखरच? या चुका टाळा

‘साखर हे मोनोसॅकराइड (एकाच घटकाची शर्करा) आहे’ हे वाक्य विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांत हमखास सापडतं. त्यामागचा घोटाळा असा की शर्करा हे अख्ख्या कुळाचं नाव आहे. डब्यातली साखर, म्हणजे सुक्रोज, हा त्या कुळातला एकच सदस्य. आणि तोही डायसॅकराइड, कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा एकेक रेणू जोडून तो बनतो.

सूत्र लिहितानाही हीच जोडणी नडते. ग्लुकोजमध्ये ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन, फ्रुक्टोजमध्येही तेवढेच. मग बेरीज करून सुक्रोजला २४ हायड्रोजन आणि १२ ऑक्सिजन देऊन मोकळे होतात. जोडणीच्या वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, म्हणून उरतात १२, २२ आणि ११.

नावाच्या शेवटी ‘ओज’ दिसलं की पदार्थ गोड, हा समजही सोडा. सेल्युलोज ग्लुकोजच्याच साखळ्यांचं असतं, पण त्याला गोडवा नाही. उलट सुक्रालोज सुक्रोजच्या सुमारे ६०० पट गोड. सुक्रोजमधल्या तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागी क्लोरीन बसवून ते तयार करतात. वाचताना मधला ‘आल’ निसटला की अर्थच पालटला! सॅकरिनचं नाव सॅकराइडसारखं वाटतं, पण १८७९ मध्ये सापडलेलं हे कृत्रिम गोडी देणारं संयुग शर्करा नाहीच.

पाकिटावरची चूक जास्त महागात पडते. तिथल्या ‘शर्करा’ या ओळीत साधारणपणे मोनो आणि डायसॅकराइडच मोजतात. स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिनचा (स्टार्च तोडून बनवलेल्या भुकटीचा) बराचसा भाग त्या ओळीत येत नाही, पण पचल्यावर त्यांचंही ग्लुकोजच होतं. त्यामुळे ‘शर्करा ० ग्रॅम’ वाचून निर्धास्त होऊ नका, एकूण कर्बोदकांची ओळ बघा. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, हेही तिथल्या तिथे तपासा.

‘मी साखर सोडली, तरी शुगर कशी वाढली?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. रक्ताच्या अहवालातली शर्करा म्हणजे ग्लुकोज, सुक्रोज नव्हे. बोलताना शुगर म्हणायला काहीच हरकत नाही, फक्त त्यावरून निष्कर्ष काढताना जपून. अहवालात मिलिमोल प्रति लिटरमधला आकडा असेल, तर त्याला १८ ने गुणलं की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला आकडा मिळतो.

प्रयोगशाळेत मात्र सुक्रोज सगळ्यांनाच चकवतं. बेनेडिक्ट द्रावण (काही शर्करा ओळखणारं निळं द्रावण) घालून गरम पाण्यात नळी ठेवली, तरी रंग निळाच राहतो आणि द्रावण खराब आहे असं वाटतं. द्रावण ठीकच असतं. सुक्रोजमध्ये दोन्ही घटकांची क्षपण करणारी (समोरच्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारी) टोकं एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून ते क्षपणक शर्करा नाही. आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळा, म्हणजे बंध तुटेल. मग सोडियम बायकार्बोनेट चिमूटचिमूट टाका, बुडबुडे थांबेपर्यंत. घाईत नेमकी हीच पायरी राहते, आणि बेनेडिक्टला तर अल्कधर्मी माध्यमच लागतं. त्यानंतर पुन्हा तापवल्यावर विटकरी साका दिसायला हवा. आम्लात उकळण्याआधीच्या चाचणीतच तो दिसला, तर नळी नीट धुतलेली नव्हती किंवा नमुन्यात ग्लुकोज मिसळलेलं होतं.