जेलमधल्या बायकांसाठी काही बदलून घ्यायचंय? मग आधी पत्र कुणाला लिहायचं ते शोधा

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण, झाल्यावर मी पहिल्यांदा एका जिल्हा जेलच्या महिला बरॅकीत जायला लागले तेव्हा तीन महिन्यांत माझं डोकं इतकं तापलं की मी नऊ पानांचं निवेदन टाईप केलं, बावीस मागण्या, त्याआधी दोन पानं नुसती प्रस्तावना, आणि नेऊन ऑफिसात दिलं. दोन महिने काही नाही. विचारायला गेले तर तिथल्या एका वयस्कर बाबूंनी ते फाईलमधून काढलं, चष्मा वर सरकवला नि म्हणाले, "ताई, वाचलंय मी सगळं, पण पाठवू कुणाकडे? यातलं अर्धं आमच्या हातातच नाही." तेव्हा भयंकर राग आला होता, पण आज या कामात नवीन येणाऱ्या वकील, सोशल वर्कर, काउन्सेलर, डॉक्टर पोरापोरींना मी जे काही सांगते ते सगळं त्या बाबूंच्या एका वाक्यातूनच निघालंय.

तर पहिलं काम, मागणीची खुर्ची शोधा. बाई तारखेला कोर्टात गेलीच नाही कारण गार्ड मिळाले नाहीत, ही तक्रार जेल अधीक्षकांकडे नेऊन काही होत नाही, गार्ड पोलिस देतात, म्हणजे पत्र आयुक्तालयाला किंवा एसपी ऑफिसला. संडास तुंबलाय, भिंतीला ओल आहे, तर ते बांधकाम खात्याचं. बायकांची डॉक्टर महिन्यातून एकदाही येत नाही, तर सिव्हिल हॉस्पिटल. मोफत वकील मिळाला पण तो तोंडच दाखवत नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाहेर राहिलेली तिची पोरं, किंवा मुलींचं निरीक्षणगृह (अठराच्या आतल्या मुलींना जेलऐवजी ठेवतात ते), हे महिला व बालविकास. आणि मुलाखत, कॅन्टीन, फोन, जेवण, ट्रेनिंग हे खरं जेलचं, त्यातलंही काही अधीक्षक स्वतः करू शकतात आणि बाकीच्याला पुण्याचं हेडऑफिस लागतं. एक मागणी, एक पान, एक खुर्ची. बावीस मागण्या असतील तर बावीस पत्रं, आणि तीही एकाच दिवशी नाही बरं का.

आता आकडे. एनसीआरबी, म्हणजे केंद्राचा गुन्ह्यांची नोंद ठेवणारा विभाग, दरवर्षी जेलांची आकडेवारी काढतं, २०२२ च्या शेवटी देशात ५ लाख ७३ हजारांच्या वर कैदी होते आणि त्यात बायका २३,७७२, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. १,५३७ जणींसोबत त्यांची १,७६४ लहान मुलं आत होती. हे चार टक्के नीट समजून घ्या, सगळं दुखणं तिथेच आहे. भायखळा, येरवडा अशी फक्त बायकांची कारागृहं मोजकी, बहुतेक बायका पुरुषांच्या जेलच्या एका कोपऱ्यातल्या बरॅकीत असतात, आणि कारखाना, लायब्ररी, दवाखाना सगळं लाल गेटच्या पलीकडे पुरुषांकडे. "बायका संख्येने कमी आहेत, त्यांच्यासाठी वेगळं कसं करणार" हे वाक्य तुम्हाला पन्नास वेळा ऐकवलं जाईल. त्यावर भांडू नका. मी विचारते, पुरुषांना कोणकोणते ट्रेड शिकवता त्याची यादी द्या, बायकांना कोणते त्याचीही द्या, दोन्ही शेजारी शेजारी ठेवू. एका बाजूला सुतारकाम, लोहारकाम, बेकरी, प्रिंटिंग आणि दुसऱ्या बाजूला शिवण आणि पापड असं दिसलं की पुढे फार बोलावं लागत नाही.

माहिती कशी काढायची? माहिती अधिकार आहेच, पण महाराष्ट्रात अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा असा नियम आहे, त्यामुळे निबंध पाठवलात की तो परत यायला निमित्त मिळतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. "महिला कैद्यांना सुविधा का नाहीत" असं कधी विचारू नका, का ला उत्तर नसतं. कागद मागा. गेल्या सहा महिन्यांत महिला डॉक्टरांच्या भेटीच्या रजिस्टरची प्रत द्या, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, कोर्टाच्या तारखा किती होत्या आणि प्रत्यक्ष नेलं कितींना. कोरं रजिस्टर हातात आलं तर त्याच्याइतकं बोलकं काहीच नाही.

आत जाऊन बोलायचं असेल तर परवानगी लागते, आणि ती परवानगी ही तुमची सगळ्यात मोठी इस्टेट आहे, ती एका तावातावाच्या पोस्टपायी घालवू नका. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आतल्या बाईचं नाव. तुम्ही संध्याकाळी पाचला बाहेर पडता, ती तिथेच राहते, त्याच स्टाफसोबत. २०१७ मध्ये भायखळ्याच्या जेलमध्ये कैदी मंजुळा शेट्ये यांचा मृत्यू झाला, हिशोबात कमी पडलेल्या अंडी-पावावरून स्टाफने मारहाण केल्याचा आरोप झाला, खुनाचा गुन्हा दाखल झाला, जेलच्याच सहा जणींना अटक झाली. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की आत किती छोट्या गोष्टीवरून किती मोठं होऊ शकतं. म्हणून नाव नाही, बरॅक नंबर नाही, केसचे असे तपशील नाहीत ज्यावरून ती ओळखू येईल. दहा जणींनी सांगितलेली गोष्ट एकच असेल तर "बऱ्याच जणी सांगतात" एवढंच लिहा. आणि लिहायच्या आधी तिला विचारा, ती नको म्हणाली तर विषय संपला.

या कामाची खरी ताकद काय असते ते बघायचं तर मुंबईचंच उदाहरण घ्या. पत्रकार शीला बर्से मुंबईच्या जेलमधल्या १५ महिला कैद्यांशी बोलल्या, त्यातल्या पाच जणींनी पोलिस लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं, आणि बर्सेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. साधं पत्र. कोर्टाने ते याचिका म्हणून घेतलं आणि खरंखोटं बघायला कुणाला पाठवलं, तर निर्मला निकेतन या सोशल वर्क कॉलेजच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना. १९८३ च्या निकालात मग आलं की बायकांचं लॉकअप वेगळं हवं, पहारा महिला शिपायांचा हवा, चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी, अटक झाली की विधी सहाय्य समितीला लगेच कळवावं. आपल्या पेशाच्या बाईचा रिपोर्ट त्या निकालाच्या मुळाशी आहे. म्हणून मी पोरींना सारखी टोकते, रिपोर्ट असा लिहा की उद्या जज वाचतील, विशेषणं कमी, तारीख-वेळ-संख्या जास्त.

नियमांचं म्हणाल तर सगळे पाठ करायची गरज नाही, तीन-चार जवळ ठेवा. आईसोबत सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं, त्याला पाळणाघर, बालवाडी, वेगळा आहार हवा, आणि जेलमध्ये जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून जेल लिहायचं नाही, फक्त त्या भागाचा पत्ता, हे सुप्रीम कोर्टाने आर. डी. उपाध्याय प्रकरणात २००६ मध्ये सांगितलंय. केंद्राच्या २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये, म्हणजे जेलच्या नमुना नियमावलीत, सॅनिटरी पॅड गरजेप्रमाणे द्यावेत असं आहे, गरजेप्रमाणे, म्हणजे महिन्याला मोजून एक पाकीट असं नाही. संयुक्त राष्ट्रांचे महिला कैद्यांसाठीचे २०१० चे बँकॉक नियम आहेत, ७० आहेत, त्यात बाळंतपणाच्या वेळी बेड्या नकोत इथपासून सगळं आहे, पण खरं सांगू का, जिल्ह्याच्या ऑफिसात बँकॉक म्हटलं की लोक हसतात, तिथे आपल्या कोर्टाचा निकाल दाखवा आणि बँकॉक हायकोर्टासाठी राखून ठेवा.

आता जामीन, इथे जरा थांबते कारण मला विचाराल तर चांगल्यात चांगला सुधार कार्यक्रम म्हणजे जिला आत असायचं कारणच नाही तिला बाहेर काढणं. एक बाई होती, जामीन झालेला, पंधरा हजारांचा, आणि ती त्यानंतर आठ महिने आतच. नवरा फिरकला नाही, माहेरच्यांनी नाव टाकलं, जामीनदार आणणार कुठून? पुरुष आत गेला की बायको मंगळसूत्र मोडते, वकिलाचे उंबरे झिजवते. बाई आत गेली की घरातले कधी कधी मुलांना पण सांगतात, आई गेली. अशा केसेससाठी हत्यारं आहेत, फक्त कुणी वापरत नाही. बाईला आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन होऊन महिनाभरात बॉण्ड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्याच्या (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी ठरावीक रकमेपर्यंत पैसे मिळतात, जिल्ह्याची समिती मंजूर करते. आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९, आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बॉण्डवर सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस चालू असणारे वगळून, आणि त्यासाठी कोर्टात अर्ज करणं हे अधीक्षकांचं काम आहे. तुम्ही एवढंच करा, एक साधी एक्सेल शीट बनवा, अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा, किती दिवस झाले, जामीन झालाय का, जामीनदार आहे का. ती दर महिन्याला विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्या, तीन महिन्यांतून एकदा नाही, दर महिन्याला.

मुलींचं वेगळं. अठराच्या आतल्या मुलीसाठी कैदी, आरोपी, जेल हे शब्दच तोंडातून काढायचे नाहीत, २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्थेला भेट द्यायची असते, किमान तीन सदस्य, त्यात एक महिला, एक डॉक्टर. त्या भेटींचे रिपोर्ट मागा. मला जास्त खुपतं ते म्हणजे मुलाबरोबर पळून गेली म्हणून आणून ठेवलेल्या मुली, कागदावर त्या पीडित, वागणूक मात्र गुन्हेगाराची, शाळा सुटलेली, फोन नाही, आणि शिकवायला काय तर मेंदी. तिथे मागणी एकच लावून धरा, तिची दहावी बुडू नये, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म वेळेत भरला जावा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, महिला शिपायांशी जमवून घ्या. त्यांच्या पण डबल ड्युट्या असतात, त्यांचं पण बाळ घरी असतं. रिकामी पदं भरा ही मागणी तुम्ही लावलीत तर त्या मनातून तुमच्या बाजूला येतात, आणि मग "मॅडम, उद्या साहेब राऊंडला आहेत, उद्याच या" असे फोन यायला लागतात.

वरती न्यायचं असेल तर जेल हा राज्याचा विषय आहे, खासदारांमागे फिरू नका, आमदार गाठा. त्यांना भाषण नको असतं, तयार तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) हवा असतो, मराठीत, चार ओळींचा, अधिवेशनाच्या पुष्कळ आधी. पेपरवाल्यांकडे सगळ्यात शेवटी, आणि तेही पत्रांच्या पोचपावत्या हातात असतील तरच.

आणि तोंडी "करतो" वर घरी येऊ नका. अधीक्षकांची बदली होते, नवीन साहेब म्हणतात मला काही माहीत नाही. माझ्या त्या बावीसपैकी पहिली मान्य झालेली मागणी पॅडचीच होती, एका पानाच्या पत्रावर, आणि लेखी आदेश निघूनसुद्धा तीन महिन्यांनी बरॅकीत विचारलं तर कुणालाच पत्ता नाही. मग तो आदेश मोठ्या अक्षरात मराठी, हिंदी आणि बांग्लामध्ये लिहून घेतला, लॅमिनेट केला आणि परवानगी काढून नळाशेजारच्या भिंतीवर लावला, कारण रांग तिथेच लागते.