जपानात आलात की आधी उदोन, मग सुशी

बाबा पहिल्यांदा ओसाकाला आले तेव्हा मी हौसेनं त्यांना थेट सुशी खायला नेलं. प्रवासाचा शीण, त्यात आंबूस भात आणि कच्चा मासा. त्यांनी कसेबसे दोन तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या छोट्या दुकानात कित्सुने उदोन मागवलं. वाडगा रिकामा करून ते म्हणाले, "उद्या पुन्हा हेच." तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी उदोनच खायला घालते.

उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, लुसलुशीत शेवया. वर गोडसर मुरवलेला तळीव टोफू असला की ते कित्सुने, म्हणजे कोल्हा. कोल्ह्याला तो टोफू फार आवडतो अशी तिथली समजूत आहे. पण खरा जीव खालच्या रश्शात, दाशीत. कोम्बू हे वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन सुकवलेल्या माशाचा कीस, या दोन्हींचा हा अर्क. याच कोम्बूतून १९०८ साली रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी उमामी, म्हणजे गोड-आंबट-खारट-कडूपलीकडची पाचवी चव शोधली. ती एकदा जिभेवर बसली की मिसो सूपमध्ये, ताकोयाकी या ऑक्टोपस घातलेल्या गोळ्यांच्या पिठात, सगळीकडे ओळखू येते. म्हणून सुरुवात इथून.

दारात तिकिटाचं यंत्र असेल तर आधी पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर द्या. शेवया भुरका मारून ओढा, तिथे ते वावगं नाही. रस्सा वाडगा दोन्ही हातांनी उचलून प्या. टिप ठेवू नका.

त्यानंतर झारू सोबा. कुट्टूच्या पिठाच्या या गार शेवया तीव्र चवीच्या सॉसमध्ये बुडवून खायच्या. शेवटी शेवया उकडलेलं गरम पाणी आणून देतात, ते उरलेल्या सॉसमध्ये ओतून पेजेसारखं प्यायचं. पाहुणे नेमके तेच टाकून उठतात, आणि मला फार हळहळ वाटते.

ओकोनोमियाकी ओसाकातच खा: कोबी घातलेलं जाडजूड धिरडं, समोरच्या तव्यावर भाजलेलं. हिरोशिमात तेच थरांचं करतात, मध्ये नूडल्स घालून. त्यावर बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, नको असेल तर आधीच सांगा. रामेन, म्हणजे गरम रश्शातल्या नूडल्स, थंडीच्या रात्रीसाठी राखा. सुशी तिसऱ्या दिवशी, जीभ स्थिरावल्यावर.

शाकाहारी मंडळींना मात्र स्पष्ट सांगते: वर फक्त टोफू दिसला तरी उदोनच्या रश्शात मासा असतोच. दुकानात "मासा नाही ना?" एवढं विचारू नका, "दाशी कशाची?" असं विचारा. आणि एक रात्र कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठात काढा. तिथल्या शोजिन र्योरीत, म्हणजे मठातल्या शाकाहारी जेवणात, मांस-मासळी नसते, दाशीही कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची. तिथलं गोमा-दोफू नक्की मागा. नाव टोफूचं, पण त्यात सोयाबीन नाही. तीळ आणि कुझू नावाच्या कंदाचं सत्त्व घोटून केलेलं. माझ्या आईनं ते चमच्याच्या टोकानं पुरवून पुरवून खाल्लं.